इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं

आमच्या शाळेंत येणारीं बहुतेक मुलें शेतकऱ्यांचीं आहेत. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन आणि जाफ्राबाद या आठ तालुक्यांपैकीं कोणत्याही तालुक्यांतील मूल घ्या. त्यानें आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मळ्यांत एखादें लहानसें डिझेल इंजिन पाहिलेलें असतेंच. विजेचे पंप आतां सर्वत्र झाले आहेत, सूर्यप्रकाशावर चालणारेही येऊं लागले आहेत. तरी वीज नसलेल्या वेळीं, शेततळ्याच्या कांठीं किंवा नदीच्या डोहावर हें जुनें इंजिनच कामास येतें. तें चालूं असतें तोंवर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. एके दिवशीं मात्र हॅंडल मारून मारून हात भरून येतात, चाक गरगर फिरतें, आणि इंजिन कांहीं केल्या पेटत नाहीं. अशा वेळीं काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें, आणि त्याच क्रमानें कां पाहावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं मार्च महिन्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एक मुलगा चार दिवस शाळेंत आला नाहीं. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून पांचव्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. बदनापूर तालुक्यांत त्यांची दोन एकर मोसंबीची बाग आहे. झाडें पांच वर्षांचीं, पहिलाच बहार धरलेला. फळें नुकतीं बोराएवढीं झालीं होतीं. विहीर आटली होती आणि शेततळ्यांत उरलेलें पाणी वर चढविण्यास एक पांच अश्वशक्तीचें इंजिन तेवढें होतें. तेंच बंद पडलें होतें. मुलाच्या तळहातांस हॅंडल मारून फोड आले होते. त्याचे वडील म्हणाले, “गुर्जी, फिरतंय तर झकास, पण पेटंना.” मिस्त्री दोनदां येऊन गेले होते. प्रत्येक वेळीं त्यांनीं नळींतील हवा काढली कीं इंजिन चालूं होई आणि पांच-दहा मिनिटांत पुन्हां बंद पडे. मग पुन्हां हॅंडल मारा, पण व्यर्थ. डिझेलचा पंप शहरांत नेऊन दुरुस्त करून आणला, तरी तीच गत. आतां नवीन पंप घेण्यासाठीं येत्या बाजारीं गोऱ्हा विकावयाचें ठरलें होतें. इकडे बागेंत फळें गळूं लागलीं होतीं. त्या दिवशीं दोष कोठें सांपडला, तें शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं इंजिनाची ओळख करून घेणें अवश्य आहे. कारण यंत्र समजल्यावांचून त्याचा दोष शोधणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय.

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी हातास गरम लागते, हा अनुभव सर्वांस आहे. हवा दाबली असतां तापते. डिझेल इंजिनाचा सारा कारभार या एका गोष्टीवर चालतो. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनांत तो मुळींच नसतो. दट्ट्या वर येतांना सिलिंडरांतील हवा मूळच्या सुमारें सोळा-सतराव्या हिश्शाइतक्या जागेंत कोंडली जाते. इंजिन नीट चालूं असतां ती पांचशें अंश सेंटिग्रेडहूनही अधिक तापते. त्याच क्षणीं नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आंत उडतो. दोनशें अंशांच्या थोड्या वर तापमान गेलें कीं डिझेल आपोआप पेट घेतें. मग एवढ्या उष्ण हवेंत तें तत्काळ पेटावें यांत नवल तें काय?

हें तत्त्व यंत्रांत उतरविणारे जर्मन अभियंते रूडॉल्फ डिझेल यांचा जन्म पॅरिस येथें १८५८ सालीं झाला. १८९३ सालीं त्यांस पेटंट मिळालें, आणि पुढें चार वर्षांच्या खटपटीनंतर, १८९७ च्या फेब्रुवारींत, औग्सबुर्ग येथील कारखान्यांत त्यांच्या इंजिनाची परीक्षा यशस्वी झाली. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत असें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें, हें आमच्या शेतकरी वाचकांस वाचून मौज वाटेल. १९१३ च्या सप्टेंबरांत बोटीनें इंग्लंडला जात असतां हे गृहस्थ रात्रीं नाहींसे झाले आणि पुढें समुद्रांत त्यांचें प्रेत सांपडलें. आपल्याकडे विहिरीचें पाणी शतकानुशतकें बैलांच्या मोटेनें निघत असे. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें बनविलीं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. आणि राजकोटच्या कारखान्यांनीं इंग्लंडांतील लिस्टर इंजिनाच्या धर्तीचीं इंजिनें गांवोगांव पोंचविलीं. अशा रीतीनें मोट थांबली आणि मळ्यांत इंजिनाचा टकटक आवाज सुरू झाला.

आतां थोडें गणित करूं. पांच अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल घेतें. तें मिनिटाला १५०० फेरे करतें, आणि दर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणें मिनिटाला ७५० फवारे उडतात. म्हणजे तासाला ४५,०००. एका लिटराचे १० लक्ष घनमिलिमीटर होतात. त्यांस ४५,००० नीं भागिलें असतां एका फवाऱ्यास सुमारें २२ घनमिलिमीटर डिझेल येतें. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घनमिलिमीटरांचा धरला, तर एक फवारा म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी! आणि हा अर्धा थेंब सुईच्या अग्रासारख्या छिद्रांतून उडविण्यास पंपाला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें २०० किलोग्रॅम इतका दाब आणावा लागतो. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब याच मापानें दोन-सव्वादोन किलोग्रॅमच असतो.

या गणितावरून मिस्त्री लोकांच्या “इंजिनानें हवा धरली” या वाक्याचा अर्थ कळतो. औषध टोंचण्याची रिकामी पिचकारी, अर्थात् सुई न लावलेली, पाण्यानें भरा आणि तिचें तोंड बोटानें दाबून दट्ट्या लोटा. तो जागचा हलणार नाहीं. तीच हवेनें भरून लोटा. दट्ट्या खुशाल पुढें जाईल आणि सोडतांच मागें येईल. पाणी व तेल हीं जवळ जवळ दाबलीं जात नाहींत. हवा दाबली जाते. पंपाची ढकल अर्ध्या थेंबाची. नळींत हवेचा लहानसा बुडबुडा जरी शिरला, तरी ती सारी ढकल बुडबुडा दाबण्यांतच खर्च होते, दाब २०० पर्यंत चढत नाहीं, आणि नोझल उघडतच नाहीं. चाक फिरतें, पंप हलतो, पण सिलिंडरांत डिझेलचा कणही जात नाहीं.

तेव्हां इंजिन पेटण्यास तीन गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, ती पुरेशी तापेल असा दाब, आणि योग्य क्षणीं डिझेलचा बारीक फवारा. चाक फिरत असून इंजिन पेटत नसेल, तर या तिहींपैकीं एक तरी उणी आहे, हें निश्चित समजावें. कोणती उणी आहे, हें शोधतांना सोप्यापासून कठिणाकडे जावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

पहिली पाहणी नुसत्या डोळ्यांची. टाकींत डिझेल आहे काय? टाकीखालचा कॉक उघडा आहे काय? इंजिन बंद करण्याचा खटका बंदच्याच बाजूस राहिला नाहीं ना? पंपाची डिझेल कमी-अधिक करणारी दांडी महिनेंच्या महिने पडून राहिल्यानें अडकून बसते. ती बोटानें मागें-पुढें सहज सरकते काय? हे प्रश्न पोरकट वाटतात. परंतु पुष्कळ इंजिनें एवढ्यावरच चालूं होतात.

दुसरी पाहणी धुराची. एकजण हॅंडल मारीत असतां दुसऱ्यानें धुराच्या नळीकडे पाहावें. धूर मुळींच नसेल, तर सिलिंडरांत डिझेल पोंचत नाहीं. पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल आंत जातें पण पेटत नाहीं. तेथें उष्णता कमी पडते, फवाऱ्याची वेळ चुकते, किंवा डिझेलांत पाणी आहे. इंजिन दोन-चार ठोके घेऊन काळा धूर ओकत थांबत असेल, तर त्यास पुरेशी हवा मिळत नाहीं. हवेची गाळणी काढून पाहावी. धुरावरून अशी निवड केली म्हणजे निम्में काम हलकें होतें.

धूर नसल्यास डिझेलच्या वाटेनें टाकीपासून निघावें. प्रथम थोडें डिझेल कांचेच्या पेल्यांत काढून स्थिर ठेवावें. पाणी डिझेलपेक्षां जड. तें तळाशीं वेगळें दिसेल. तसें दिसल्यास टाकी व गाळणी रिकामी करून स्वच्छ करावी. नंतर गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. टाकी उंचावर असल्यानें डिझेल आपोआप वाहूं लागेल. आरंभीं फेस व बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून सलग धार येतांच, धार चालूं असतांनाच स्क्रू आवळावा. मग हेंच पंपाजवळील स्क्रूशीं करावें. शेवटीं नोझलपाशीं जाड नळीची चावी पान्यानें थोडी सैल करून, दाब सोडण्याचा खटका उचलून, हॅंडल सावकाश फिरवावें. डिझेल थेंब थेंब उसळूं लागलें कीं चावी घट्ट करावी. आतां पुन्हां हॅंडल फिरवितांना कान द्यावा. नोझल सुस्थितींत असेल तर प्रत्येक दोन फेऱ्यांस त्याचा कर्र असा बारीक आवाज येतो. जुने मिस्त्री हा आवाज ऐकूनच मान डोलावतात. आवाज न आल्यास नोझल चिकटलेलें किंवा पंप झिजलेला असण्याचा संभव आहे. तें काम जाणत्याकडे सोंपवावें.

पांढरा धूर येत असल्यास दाब तपासावा. दाब सोडण्याचा खटका खालीं ठेवून हॅंडल अगदीं हळू फिरवावें. दट्ट्या वर येतांना हातास चांगला विरोध जाणवला पाहिजे, जणूं आंत एखादी कमान दडली आहे. चाक विनाअडथळा फिरत असेल, तर हवा कोठून तरी निसटते. खटका पूर्ण बसला आहे काय, झडपांच्या दांड्यांत योग्य फट आहे काय, डोक्याखालचें पॅकिंग फुटलें नाहीं ना, हें पाहावें. एवढें ठीक असल्यास हवा आंत जाण्याच्या वाटेनें वंगणाचें तेल चहाचा एक चमचाभरच सोडून चाक कांहीं फेरे फिरवावें. दाब वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर झडपा नीट बसत नाहींत. तेल चमच्याहून अधिक घालूं नये. तें दाबलें जात नसल्यानें दट्ट्याचा दांडा वांकण्याची भीति असते. पंप नुकताच काढून बसविला असेल, तर त्याच्याखालचे पातळ पत्रे पूर्वींइतकेच घातले आहेत काय, हें विचारावें. एक पत्रा कमी-अधिक झाला तरी फवाऱ्याची वेळ बदलते. थंडीच्या दिवसांत पहाटे लोखंड गार असतें आणि दाबलेल्या हवेची उष्णता तें शोषून घेतें. अशा वेळीं इंजिनाच्या पाण्याच्या पोकळींत कोमट पाणी ओतावें. उकळतें पाणी ओतूं नये, लोखंडास तडा जातो.

येथें चार सूचना कळकळीनें देतों. सैल केलेल्या नळीपाशीं किंवा नोझलच्या फवाऱ्यापुढें हात धरूं नये. २०० किलोग्रॅमच्या दाबाचा फवारा कातडी भेदून आंत शिरतो, जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते, पण बोट गमवावें लागतें. असें झाल्यास दुखत नसलें तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. हॅंडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, दांड्याला वेटोळा घालूं नये. चाक उलटलें तर मनगट मोडतें. हवेच्या वाटेशीं पेटता बोळा धरणें किंवा ईथर फवारणें हे उपाय कोणी सुचविले तरी करूं नयेत.

चौथी सूचना सर्वांहून महत्त्वाची. पाणी खोल गेलें म्हणजे कांहीं लोक इंजिनच विहिरींत उतरवितात. विहिरींत इंजिन कदापि चालवूं नये. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील लाल द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट जोडला जातो. विहिरींतून धूर बाहेर जाण्यास वाट नसते. एकजण बेशुद्ध पडतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो, आणि त्याच्यामागें तिसरा. अशा दुर्घटनांच्या बातम्या महाराष्ट्रांतील वर्तमानपत्रांत वेळोवेळीं आल्या आहेत. बेशुद्ध माणूस दिसल्यास वरूनच दोर टाकावा, लोक जमवावे, अग्निशामक दलास बोलवावें. स्वतः उतरूं नये.

आतां त्या मोसंबीच्या बागेकडे वळूं. आम्हीं मुलास शेजारीं बसविलें आणि इंजिनास हात न लावतां विचारलें, “तें केव्हां चालतें आणि केव्हां बंद पडतें, एवढेंच सांग.” तो बराच वेळ आठवीत राहिला. मग म्हणाला, “सर, मिस्त्री टाकींत डिझेल ओततात तोंवर चांगलं चालतं. टाकी भरून झांकण लावलं, की ते हात धुऊन चहा घेईपर्यंत बंद.” आम्हीं एकमेकांकडे पाहिलें, आणि तो स्वतःच उठून टाकीकडे धांवला.

टाकीच्या झांकणास बाजरीच्या दाण्याएवढें एक छिद्र असतें. डिझेल खालीं जाईल तसतशी त्याच्या जागीं बाहेरची हवा आंत येण्यासाठीं तें ठेवलेलें असतें. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत इंजिन छपराखालीं पडून होतें. तेवढ्या अवधींत कुंभारमाशीनें तें छिद्र चिखलानें लिंपून टाकलें होतें. बंद टाकींतून डिझेल उतरूं लागलें कीं वरच्या कोंडलेल्या हवेचा दाब घटतो. टाकी पंपापेक्षां फार तर हातभर उंच असते. हातभर डिझेलचें वजन वातावरणाच्या दाबाच्या अवघ्या तीन-चार शतांशांइतकें भरतें. तितका दाब घटला कीं धार थांबली. टाकी जितकी भरलेली, तितकी वरची हवा थोडी, आणि तितकें इंजिन लवकर बंद पडणार! उपाशी पंप मग नळीच्या सांध्यांतून हवा ओढून घेई. मिस्त्री येऊन हवा काढीत. हवा खरोखरच असे, म्हणून त्यांचें निदान चुकीचें नव्हतें. पण ती हवा येते कां, हा पुढचा प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता.

मुलानें बाभळीचा काटा आणून छिद्र मोकळें केलें. आम्हीं वर सांगितलेल्या क्रमानें नळींतील हवा काढली. वडिलांनीं हॅंडल मारलें. तिसऱ्या फेऱ्यास इंजिन पेटलें आणि दिवस मावळेपर्यंत, टाकींतील डिझेल सरेपर्यंत, चाललें. शेततळ्याचें पाणी झाडांच्या आळ्यांत पोंचलें. गळायचीं तीं फळें गळलींच, उरलेलीं राहिलीं. गोऱ्हा विकावा लागला नाहीं, आणि मुलगा दुसऱ्या दिवशीं घंटेपूर्वीं वर्गांत हजर होता. तळहातांवरील फोडांमुळें त्यास लेखणी धरवत नव्हती, म्हणून आम्हीं त्या दिवशीं त्याचा धडा तोंडी घेतला.

विद्यार्थ्यांनो, सुट्टींत घरीं गेल्यावर आपल्या इंजिनाची टाकी, गाळणी, पंप आणि नोझल एकदां बोटानें दाखवून ओळखा, आणि झांकणाचें छिद्र मोकळें आहे कीं नाहीं तें पाहा. इंजिन बरेच दिवस ठेवावयाचें असल्यास टाकीचें झांकण आणि धुराची नळी यांवर कापड बांधून ठेवा, आणि चालूं करण्यापूर्वीं तें सोडण्यास विसरूं नका. डिझेल नेहमीं गाळून भरा. टाकी पूर्ण रिकामी होऊं देऊं नका. आणि ज्या दिवशीं इंजिन फिरेल पण पेटणार नाहीं, त्या दिवशीं पाना हातीं घेण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसून हें आठवा कीं तें शेवटचें नीट चालत होतें तेव्हां काय वेगळें होतें.